‘प्रश्न उद्भवत नाही’

विधानसभेच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नोत्तरांची छापील यादी ज्याने वर्षानुवर्षं वाचली आहे, त्याला तिची भाषा तोंडपाठ असते. ‘(१) हे खरे आहे काय, (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि त्याखाली मंत्र्यांचं उत्तर: ‘(१) हे अंशतः खरे आहे.’ मधल्या मुद्द्यांना दोन ओळी. शेवटी हमखास येणारं वाक्य: ‘(४) प्रश्न उद्भवत नाही.’

आमच्या गावच्या ओढ्यावर एक साकव, म्हणजे छोटा पूल, आहे. मोडका जुना साकव पाडून नवा बांधला, उद्घाटनाचा नारळ फुटला, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचा पलीकडचा पोचमार्ग वाहून गेला. साकव जागच्या जागी उभा, पण त्यावर चढायला वाट नाही. पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेत यायला वरच्या अंगाने दोन किलोमीटरचा वळसा घालू लागली. आमदारांकडे खेपा घातल्यावर त्यांनी प्रश्न दिला आणि तो तारांकित म्हणून स्वीकृतही झाला. छापील उत्तर आलं तेव्हा मी ते चार वेळा वाचलं. पोचमार्ग वाहून गेल्याचं अंशतः खरं होतं. अतिवृष्टीमुळे काही भाग क्षतिग्रस्त झाला होता. दुरुस्तीचं अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू होती. कंत्राटदाराचं नाव काय, दोषदायित्व कालावधी (ज्यात बिघाड झाला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा ती मुदत) कधी संपतो, पुन्हा पैसे कोण भरणार, यातलं काहीच त्यात नव्हतं. विलंबाच्या कारणांबाबत प्रश्न उद्भवत नव्हता.

त्या दिवशी आमच्या प्रश्नाचा क्रमांक यादीत बराच खाली होता. प्रश्नोत्तराचा तास संपला, आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही, उत्तर तेवढं पटलावर ठेवल्याचं मानलं गेलं. एरवी आमदार उभे राहिले असते, ‘अध्यक्ष महोदय, माझा उपप्रश्न आहे’ म्हणाले असते, आणि मंत्र्यांना कागदात नसलेलं काही तरी बोलावं लागलं असतं. ती दोन मिनिटं हुकली आणि त्यांच्याबरोबर सगळंच हुकलं. छापील उत्तर अधिकारी लिहितात. उपप्रश्नाला मंत्र्यांना स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावं लागतं, तेही समोर बसलेल्या सगळ्यांच्या देखत. प्रश्नोत्तराच्या तासाचा जीव या उपप्रश्नात आहे. तो वाचवायचा असेल तर मंत्र्यांनी सही केलेला मूळ कागद प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात आधी असला पाहिजे, हे मला आज सांगायचं आहे. गावच्या साकवाला हे लागू आहे, तसंच देशाच्या सीमेलाही लागू आहे.

करार आणि कंत्राट, दोन्हींत शेवटी एक सही असते आणि ती झाल्यावर मागे फिरणं फार अवघड असतं. दिलेली जमीन परत येत नाही, ओतलेलं काँक्रीट उचलता येत नाही, फेडलेलं बिल वसूल करायला उभी हयात जाते. आपल्याकडे या दोन्ही सह्या सरकारच्या हातात आहेत. परराष्ट्रांशी करार करणं हा राज्यघटनेच्या केंद्रसूचीतला १४वा विषय. संसदेला त्यावर कायदा करता येतो. पण करार कसे व्हावेत, संसदेपुढे कधी यावेत, असा कायदा आजवर झालेला नाही, म्हणून केंद्राला कार्यकारी अधिकार देणाऱ्या अनुच्छेद ७३ च्या आधाराने सरकार करार करतं आणि संसदेला तो झाल्यावर कळतो. रस्त्याच्या कंत्राटाचंही तेच. अर्थसंकल्पात तरतूद मंजूर करताना आमदार हात वर करतात. पुढे निविदा, कार्यारंभ आदेश, मुदतवाढ यांतलं काही सभागृहापुढे येत नाही. मधल्या साऱ्या वाटेवर विचारणारा कोणी असेल तर तो प्रश्न विचारणारा सदस्यच.

कच्चतीवूचं उदाहरण घेऊ. पाल्कच्या सामुद्रधुनीतलं सुमारे २८५ एकरांचं हे बेट. मुक्कामाची वस्ती नाही, सेंट अँथनीचं एक चर्च आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या रामेश्वरमचे मच्छीमार तिथे विसाव्याला थांबत आले. भारत आणि श्रीलंका यांच्यातल्या करारावर जून १९७४ च्या अखेरीस सह्या झाल्या आणि बेट सागरी सीमेच्या पलीकडे गेलं. ८ जुलैला करार अमलात आला. परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांनी लोकसभेत निवेदन केलं २३ जुलैला. या तारखांचा क्रम पाहिला की संसदेला कोणत्या टप्प्यावर सांगितलं गेलं ते कळतं. इरा सेळियन यांच्यासारख्या तमिळ खासदारांनी त्या दिवशी सभागृहात तीव्र विरोध केला, पण तोवर अडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढे मार्च १९७६ मध्ये दोन्ही सरकारांनी पत्रांची देवाणघेवाण करून एकमेकांच्या हद्दीत मासेमारी बंद केली. तेव्हा देशात आणीबाणी होती. विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात होते आणि आणीबाणीतल्या काही अधिवेशनांत प्रश्नोत्तराचा तासच रद्द केलेला होता. जाळी टाकायला गेलेली माणसं आजही पकडली जातात, बोटी जप्त होतात, आणि दर निवडणुकीत बेट कोणी दिलं यावर भाषणं होतात. ते देणं चूक होतं की बरोबर, हा वेगळा वाद आहे. माझा आक्षेप असा की ज्यांच्या जाळ्यांचा प्रश्न होता त्यांच्या प्रतिनिधीला सही पक्की होण्याआधी त्या करारावर एकही उपप्रश्न विचारता आला नाही.

याउलट पश्चिम बंगालच्या सीमेवरचं बेरुबारी. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यात समझोता झाला आणि त्यात बेरुबारीची वाटणी ठरली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं की देशाची जमीन दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्तीच हवी. त्या एका मतामुळे पुढे भारत आणि बांगलादेश यांच्यातला भूसीमा करारही संसदेच्या दारातून गेला. १११ भारतीय आणि ५१ बांगलादेशी छिटमहाल, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेले दुसऱ्या देशाचे तुकडे. मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली आणि जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोणाचीच नव्हती त्यांना देश मिळाला. हिशेब केला तर भारताच्या वाट्याला कमी आणि बांगलादेशाच्या वाट्याला जास्त जमीन गेली. तरी आज त्यावरून कोणी रान उठवत नाही. प्रत्येक पक्षाने सभागृहात उभं राहून होकार दिला आहे, त्यामुळे उद्या कोणाला हात झटकता येणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल, अहो, मूळ करार १९७४ चा, मंजुरी २०१५ ची. संसदेच्या नादी लागून त्या लोकांची ४१ वर्षं गेली. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. चार दशकं शाळा नाही, दवाखाना नाही, मतदान नाही, हे सोसणाऱ्याला घटनात्मक प्रक्रियेचं कौतुक सांगणं क्रूरपणा होईल. पण तारखा तपासल्या पाहिजेत. घटनादुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं ते डिसेंबर २०१३ मध्ये. आधीची ३९ वर्षं कोणत्याही सरकारने ते संसदेपुढे आणलंच नव्हतं. ते आणल्यावर मंजुरीला दीड वर्ष पुरलं, आणि त्या दीड वर्षात लोकसभेची निवडणूक होऊन सरकारही बदललं.

सीमेबद्दल विचारणाऱ्यांत मराठी माणसं पुढे होती, हे आपण विसरत चाललो आहोत. कच्छच्या रणाबाबत लवादाने फेब्रुवारी १९६८ मध्ये निवाडा दिला आणि वादातल्या प्रदेशाचा साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानकडे गेला. पुण्यात वाढलेले आणि बिहारातल्या मुंगेरमधून लोकसभेत गेलेले मधु लिमये या प्रश्नावर सभागृहात भांडले आणि सर्वोच्च न्यायालयातही याचिकाकर्ते म्हणून गेले. न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं की ही जमीन देणं नाही, वादग्रस्त सीमा निश्चित करणं आहे, म्हणून घटनादुरुस्ती नको. लिमये हरले. पण ‘देणं’ आणि ‘निश्चित करणं’ यांतली ती रेघ त्यांच्यासारख्यांनी विचारलं म्हणून तरी आखली गेली. आजही सरकारला सीमेवर काही सोडायचं असेल तर आधी या रेघेची कोणती बाजू, ते सांगावं लागतं.

आमच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून लोकसभेत होते. ते परराष्ट्र धोरणावर उभे राहिले की खुद्द नेहरू लक्ष देऊन ऐकत, असं आमच्याकडची जुनी माणसं आजही सांगतात. तो काळच तसा होता. चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला, १९५७ मध्ये तो पुरा झाल्याचं जाहीरही केलं, आणि आपल्या सरकारने त्याबद्दल निषेधाचा खलिता धाडला तो १९५८ च्या अखेरीस. संसदेला हे कळलं ऑगस्ट १९५९ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं एक परका रस्ता आपल्या नकाशावरून जात होता आणि सभागृहाला पत्ता नव्हता. नेहरूंच्या हातून झालेली ही मोठी चूक होती. मात्र कळल्यावर खासदारांनी इतकं धारेवर धरलं की सप्टेंबर १९५९ मध्ये सरकारने चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका पटलावर ठेवली, आणि मग एकामागून एक श्वेतपत्रिका निघत गेल्या. शत्रूशी चाललेली पत्रं छापून खासदारांच्या हातात! आज हे कोणाला खरंही वाटणार नाही. १९६२ मध्ये युद्ध चालू असताना वाजपेयींसह विरोधकांनी अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली, नेहरूंनी ती मान्य केली, आणि नोव्हेंबरमध्ये दिवसेंदिवस चर्चा झाली.

आणि अलीकडे? जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात २० जवान गेले. सप्टेंबरमध्ये अधिवेशन भरलं, तेव्हा करोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला. लेखी प्रश्न ठेवले, तारांकित काढले. म्हणजे नेमका उपप्रश्न काढून टाकला. संरक्षणमंत्र्यांनी निवेदन केलं, पण लोकसभेत त्या निवेदनावर उलट विचारू दिलं गेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळच्या यांगत्सेत चकमक झाली तेव्हाही निवेदन झालं, आणि खुलासे विचारू द्या, ही विरोधकांची मागणी फेटाळली गेली. जवानांच्या हालचाली, तुकड्यांची ठिकाणं कोणी विचारू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. पण गस्त कुठवर घालत होतो आणि आता कुठवर घालतो, हे समोरच्या सैन्याला ठाऊकच असतं. ते फक्त आपल्या खासदारांपासून लपतं.

आता कंत्राटांकडे येतो. इथे गुपित राष्ट्रहिताच्या नावाने राखलं जात नाही. इथलं गुपित ‘तांत्रिक बाब’ म्हणून राखलं जातं. ज्याने सरकारी काम जवळून पाहिलं आहे त्याला हा प्रवास माहीत असतो. निविदा अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने भरायची, काम पदरात पाडून घ्यायचं, मग ‘एक्स्ट्रा आयटम’, म्हणजे मूळ निविदेत नसलेली कामं, निघतात, बी-१ निविदेतल्या कलम ३८ खाली वाढीव परिमाणाची बिलं चढतात, भाववाढ धरली जाते, मुदतवाढ मिळते, आणि एके दिवशी ‘सुप्रमा’ होते. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. तीन अक्षरी शब्द, पण दहा कोटींचं काम चाळीस कोटींचं करण्याची ताकद त्यात आहे. २००९ मध्ये विदर्भातल्या ३८ सिंचन प्रकल्पांची किंमत सात महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचित क्षेत्राची टक्केवारी ०.१ ने वाढल्याचं छापून आलं, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले. २०१२ च्या अखेरीस श्वेतपत्रिका निघाली. त्या सगळ्या वर्षांत सभागृहात सिंचनावर प्रश्न विचारले जात नव्हते असं नाही. ढिगाने विचारले जात होते. पण आमदाराच्या हातात सुप्रमाचा आदेश नसे, तो का दिला याची टिपणी नसे, मूळ आणि सुधारित अंदाजपत्रक शेजारी शेजारी ठेवलेलं नसे. मग ‘हे खरे आहे काय’ याला ‘हे अंशतः खरे आहे’ म्हटलं की त्याला पुढे सरकायला जागाच उरत नसे.

मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं मूल आता दहावीच्या उंबरठ्यावर आलं, आणि गणपतीला गावी जाणारा चाकरमानी अजून त्या वाटेवर कंबर मोडून घेतो. सभागृहांत या रस्त्यावर किती प्रश्न, किती लक्षवेधी सूचना आल्या असतील! दर वेळी नवी तारीख मिळते, आणि मागची तारीख का हुकली याचा हिशेब नव्या तारखेखाली गाडला जातो.

कागद हातात असला की काय होतं याचा दाखला १९५७ चा आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवल्याबद्दल लोकसभेत आधी साधा प्रश्न आला आणि अर्थखात्याने गुळमुळीत उत्तर दिलं. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. त्यांनी कागद गोळा केले, आकडे लावले, आणि डिसेंबरमध्ये सभागृहात स्वतःच्याच सरकारला एकेका व्यवहाराचा जाब विचारला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली, तीही मुंबईत, जाहीरपणे, लोकांच्या गर्दीत. महिन्याभरात अहवाल आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. पहिलं उत्तर ऐकून फिरोज गांधी गप्प बसले असते तर ते प्रकरण तिथेच मिटलं असतं.

विचारणाराही स्वच्छ हवा, हे ओघाने आलंच. मुंबईच्या सराफा संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत काम केल्याबद्दल १९५१ मध्ये एच. जी. मुद्गल यांच्यावर हकालपट्टीची वेळ आली, आणि २००५ मध्ये प्रश्नासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांना घरी पाठवलं गेलं. कंत्राटांबाबतच्या प्रश्नांत ही भीती जास्त. एका कंत्राटदाराने दुसऱ्याविरुद्ध प्रश्न घालायला लावायचा आणि ‘समजूत’ पटली की तो मागे घ्यायचा, अशी कुजबुज प्रत्येक जिल्ह्यात ऐकू येते. म्हणूनही मूळ कागद सर्वांपुढे हवा. कागद उघडा असला की प्रश्न विकत घेण्यात काही राहत नाही. एकाने मागे घेतला तर दुसरा विचारेल.

माझं मागणं फार मोठं नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने करार मंजुरीपूर्वी संसदेपुढे ठेवून २१ बैठकदिवस थांबावं लागतं. आपल्याकडे निदान सीमा, समुद्र आणि नदीचं पाणी यांच्याशी संबंधित करारांसाठी तरी तसा कायदा व्हावा. वाटाघाटी गुप्त चालाव्यात, त्याला हरकत नाही. सही झाली की मात्र कागद पटलावर यावा, आणि मंजुरी त्यानंतर. सीमेवरच्या रस्त्यांची आखणी उघड करायची नसेल तर समितीच्या बंद खोलीत दाखवा, पण दाखवा. राज्यात ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक सुप्रमाचा आदेश, कारणांच्या टिपणीसह, पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर यावा. पुकारला न गेलेला तारांकित प्रश्न मेला असं न धरता, सदस्याला त्यावर लेखी उपप्रश्न देता यावा आणि त्याचं उत्तर त्याच अधिवेशनात मिळावं. लोकसभेच्या पद्धतीनुसार मंत्र्यांचं आश्वासन तीन महिन्यांत पुरं व्हावं लागतं. ते झालं नाही तर त्याच मंत्र्यांनी उभं राहून कारण सांगावं, मुदतवाढीचं पत्र आश्वासन समितीकडे पाठवून मोकळं होऊ नये.

माहिती अधिकार आहे की, असं कोणी म्हणेल. २००५ च्या त्या कायद्यात, वैयक्तिक माहितीच्या अपवादाला जोडून, एक फार सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. सामान्य माणसाला या वाक्याने खासदाराच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम बदललं आणि हे वाक्य गळालं. त्यावर संसदेत जेवढं बोलणं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

साकवाचा पोचमार्ग यंदा मे महिन्यात भरला. दगड, माती, वर थोडी खडी. पावसापूर्वी घाईघाईने केलेलं काम आहे, टिकेल की नाही सांगता येत नाही. पलीकडच्या वाडीतली पोरं सध्या त्यावरून येतात. आमदारांना मी कागदावर नवा प्रश्न लिहून दिला आहे आणि नागपूर अधिवेशनासाठी तो द्या, अशी विनंती केली आहे. आमच्याकडे मिळणाऱ्या उत्तरांची सवय झाल्यामुळे त्यात ‘हे खरे आहे काय’ हे शब्द कुठेच घातलेले नाहीत. त्यात विचारलं आहे: या पोचमार्गाचं पहिलं बिल कोणत्या तारखेला, किती रकमेचं आणि कोणाच्या सहीने निघालं, दोषदायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो, आणि दुसऱ्यांदा भरलेल्या मातीचे पैसे कंत्राटदाराकडून घेतले की आमच्याकडून?